स्वतंत्र माणूस एवढा अपराधी का? सार्त्र-काम्यू वाचताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की सार्त्र, काम्यूसारखे हे फ्रेंच अस्तित्ववादी लेखक माणूस स्वतंत्र आहे, स्वतंत्र आहे म्हणून एवढा घोष लावतात, मग त्यांच्या नाटक-कादंबऱ्यांतली माणसं सगळी अपराधी भावनेनं पिचलेली आणि एकटी पडलेली का, स्वातंत्र्य आहे तर जरा मोकळं वाटायला नको का. आणि शेवटी विचारलंय की वाचायला सुरुवात कशापासून करू. मी बरीच वर्षं एम.ए.ला हा पेपर शिकवतेय, वर्गात हे कोणी ना कोणी विचारतंच, आणि जे विचारत नाहीत ते परीक्षेत "विसाव्या शतकातील मानवाची परात्मता व अर्थशून्यता" असं गाइडातलं वाक्य उतरवून मोकळे होतात, त्यापेक्षा तुमचा प्रश्न शंभर पटीनं बरा.

थोडक्यात उत्तर आधी देते, मग पुस्तकांत घुसू. या लेखकांच्या लेखी अपराधी वाटणं ही आपोआप सज्जनपणाची गोष्ट नाहीये. माणूस त्या अपराधाचं पुढे करतो काय, यावर सगळं आहे. कोणी 'हो, मीच केलं' म्हणतो आणि ते घेऊन चालायला लागतो. कोणी तिथंच बसून राहतो, छाती बडवतो, चार लोकांना दाखवत फिरतो, कारण छाती बडवत बसलं की पुढचा निर्णय घ्यावा लागत नाही. हा दुसरा प्रकार जास्त कॉमन आहे आणि सार्त्र काय, काम्यू काय, दोघांचा खरा रोख त्याच्यावर आहे. तुम्ही ज्यांना बिचारी म्हणताय त्यातली बरीचशी माणसं स्वतंत्र राहायला लागू नये म्हणून अपराधी होऊन बसलीयत.

हे पटायला सार्त्रचं 'द फ्लाइज' हे नाटक घ्या. जून १९४३ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्यांदा झालं, शार्ल द्युलँनं बसवलं होतं. साल बघा, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात आहे. ज्या थिएटरात प्रयोग झाला त्याचं नाव आधी सारा बर्नार्ट या मोठ्या नटीवरून होतं, ती ज्यू घराण्यातली म्हणून ते बदलून 'सिटी थिएटर' अशा अर्थाचं बिनचेहऱ्याचं नाव देऊन टाकलेलं. सेन्सॉर जर्मन. अशात नाटककार सरळ काही बोलू शकत नाही म्हणून सार्त्रनं ग्रीक कथा उचलली, ओरेस्टिसची. बाप आगामेम्नॉन युद्धावरून परत आला तेव्हा आई क्लायटेमनेस्ट्रा आणि तिचा प्रियकर इजिस्थस यांनी त्याला मारलं, मुलगा मोठा होऊन परत येतो आणि सूड घेतो, ही मूळ गोष्ट सगळ्यांना माहीत.

सार्त्रनं त्यात घातलं ते अर्गोस शहर. खून होऊन पंधरा वर्षं झालीयत, शहरभर लठ्ठ माश्या घोंगावतायत, लोक काळे कपडे घालून फिरतात, आणि वर्षातनं एकदा मेलेल्यांचा दिवस असतो, गुहेच्या तोंडावरचा धोंडा बाजूला करतात आणि मेलेली माणसं बाहेर येऊन जिवंतांना छळतात अशी सगळ्यांची समजूत. एरवीसुद्धा लोक भर रस्त्यात आपापली पापं सांगत असतात आणि तो जवळजवळ शहराचा खेळच झालाय, प्रत्येकाची पापं सगळ्यांना तोंडपाठ. आता यांचा खरा अपराध काय? तर त्या दिवशी राजवाड्यातनं राजाच्या किंकाळ्या सगळ्या गावानं ऐकल्या आणि कोणी काही बोललं नाही. नुसतं गप्प बसले असंही नाही, देवांचा राजा ज्युपिटर सांगतो त्यानुसार त्यांना आतून थोडी मजाच आली होती. एवढी एक गोष्ट खरी होती, तिच्याकडे बघायचं नाही म्हणून पंधरा वर्षं बाकीच्या शंभर पापांचा जप चाललाय. राजाला हे सोयीचं, कारण स्वतःच्या पापात गुंतलेली प्रजा राजाचं पाप विचारत नाही. देवालाही सोयीचं. ज्युपिटर इजिस्थसला आतली गोष्ट सांगतो की देवांचं आणि राजांचं एकच दुखणं आहे, माणसं स्वतंत्र आहेत, फक्त त्यांना ते ठाऊक नाही.

हे ऐकताना पॅरिसच्या प्रेक्षकाला काय ऐकू येत असेल? १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स हरला आणि नवा सरकारप्रमुख मार्शल पेतँनं रेडिओवरून सांगितलं की पराभव आपल्याच ढिलाईतून आला, मौजमजेच्या वृत्तीनं घात केला. म्हणजे तुम्ही पापी, ही शिक्षा, आता गप गुमान भोगा. त्यात १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये नांत शहरात एका जर्मन अधिकाऱ्याला जर्मनांविरुद्ध छुपेपणानं लढणाऱ्या प्रतिकारवाल्यांनी गोळी घातली, बदल्यात जर्मनांनी ४८ ओलीस ठेवलेले लोक गोळ्या घालून मारले. मग ज्यानं मूळ गोळी झाडली त्यानं काय करायचं, ४८ जणांचं रक्त माझ्या माथ्यावर म्हणून शरण जायचं का? अशा काळात रंगमंचावर एक पोरगा उभा राहतो, आईला आणि राजाला मारतो आणि म्हणतो हे माझं कृत्य आहे, मी ते ओझं नदी ओलांडताना वाटसरूला खांद्यावर घ्यावं तसं घेऊन जाईन, पण पश्चात्ताप मागू नका. आज वर्गात मुलांना हे वाचून धक्का बसतो, आईला मारून पश्चात्ताप नाही म्हणजे काय, राक्षस आहे का हा. बसायलाच पाहिजे धक्का. पण तो धक्का १९४३ च्या खुर्चीत बसून घ्या, मग त्याचा अर्थ लागतो.

खरं पात्र माझ्या मते ओरेस्टिस नाहीच, त्याची बहीण इलेक्ट्रा आहे. पंधरा वर्षं ती राजा-राणीचे कपडे धूत सुडाची स्वप्नं बघतेय, ज्युपिटरच्या मूर्तीवर कचरा आणून ओततेय, मेलेल्यांच्या दिवशी सगळं गाव काळ्यात असताना पांढरे कपडे घालून नाचते, आणि प्रत्यक्ष खून झाल्यावर कोसळते. ज्युपिटर तिला इतक्या प्रेमानं समजावतो की बाळ, तुला हे खरंच नको होतं, तू नुसती स्वप्नाशी खेळत होतीस. आणि ती हो म्हणते! पश्चात्ताप स्वीकारते. सुटका म्हणतात ती ही, आणि त्याची किंमत म्हणून तिचं सगळं आयुष्य, तो सगळा राग, एका वाक्यात खोटा ठरतो. 'तुला तसं करायचंच नव्हतं' असं कोणी प्रेमानं म्हणून तुमच्यावरचं ओझं उतरवत असेल तर तुमच्या हातातलं आणखी काय काढून घेतोय ते बघा, एवढं मी या प्रवेशापाशी वर्गात दरवेळी सांगते.

आता एकटेपणाकडे येते, कारण तो इथंच जन्मतो. इलेक्ट्रा पश्चात्ताप करून परत सगळ्यांतली एक होते. ओरेस्टिस माश्या मागे घेऊन शहरातनं एकटा निघून जातो, जाताना एका बासरीवाल्याची गोष्ट सांगतो ज्यानं उंदीर आपल्यामागं नेले. मला हा शेवट जरा नाटकीच वाटतो खरं म्हणजे, शहर मोकळं करून दिलं आणि गेला, मागं राहिलेल्या लोकांनी करायचं काय, पुढच्या सोमवारी कारभार कोण बघणार? सार्त्र त्या वयात हिरोच्या एक्झिटवर जास्त खूश होता असं माझं मत. पण मुद्दा लक्षात घ्या, 'आपण सगळेच पापी' ही एक प्रकारची वसाहत आहे, तिथं ऊब असते, आणि 'हे मी केलं' म्हणणारा त्या वसाहतीतनं आपोआप बाहेर पडतो. त्याला कोणी हाकललं नाही तरी.

सार्त्रचंच 'नो एक्झिट' लगेच पुढच्या वर्षीचं, मे १९४४. तीन मेलेली माणसं एका जुन्या पद्धतीच्या दिवाणखान्यात, तीन सोफे, एक ब्राँझचा पुतळा, आरसा नाही, दिवा कधी बंद होत नाही आणि पापण्याही मिटत नाहीत. गार्सां पत्रकार, युद्धाच्या वेळी पळाला म्हणून गोळ्या घातलेला, इनेझ पोस्टात कारकून, आणि एस्टेल जिनं आपलं तान्हं मूल पाण्यात टाकलं. "नरक म्हणजे इतर माणसं" हे वाक्य या नाटकातलं, टी-शर्टवर वगैरे छापतात आणि बहुतेक लोक त्याचा अर्थ घेतात की बाबा रे माणसांपासून लांब राहा. सार्त्रनं स्वतः १९६५ मध्ये सांगितलंय की मला तसं म्हणायचं नव्हतं, इतरांशी नातं बिघडलेलं असेल तर ते नरक होतात. पण त्यानं सांगायची सुद्धा गरज नाही, नाटकातच आहे. गार्सां दारावर धडका मारतो आणि शेवटाकडे दार उघडतं. सताड उघडतं. आणि तो जात नाही! कारण इनेझ त्याला भित्रा समजते आणि तिच्याकडून 'तू भित्रा नाहीस' हे वदवून घेतल्याशिवाय त्याला चैन पडणार नाही. म्हणजे हा एकटेपणा माणसं नसल्याचा नाहीये. स्वतःविषयीचा निकाल दुसऱ्याच्या तोंडून हवाय आणि तो दुसरा तो देत नाही, अशी ती कोंडी आहे. मी हे नाटक विद्यार्थ्यांकडून बसवून घेतलंय, दार उघडतं त्या क्षणी प्रेक्षक हमखास हसतात, आणि हसणं बरोबरच आहे, ते विनोदीच आहे.

आता काम्यू. आधी एक गोष्ट, काम्यू स्वतःला अस्तित्ववादी म्हणवून घेत नव्हता, त्यानं तसं जाहीर सांगितलंय, आणि सार्त्रशी त्याची मैत्री १९५२ मध्ये जाहीर भांडणात संपली, काम्यूच्या 'द रिबेल'वर सार्त्रच्या मासिकात झोडपणारं परीक्षण आलं त्यावरून. हे भांडण माहीत असल्याशिवाय 'द फॉल' वाचू नका. १९५६ ची छोटी कादंबरी. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं, सगळ्यात खवचट उत्तर तिच्यात आहे.

अ‍ॅमस्टरडॅममधल्या 'मेक्सिको सिटी' नावाच्या बारमध्ये ज्याँ-बातिस्त क्लॅमान्स नावाचा माणूस एका अनोळखी गिऱ्हाइकाला गाठतो आणि बोलत सुटतो, पूर्ण पुस्तकभर तोच बोलतो. आधी पॅरिसमध्ये नामांकित वकील होता, विधवा-अनाथांचे खटले घ्यायचा, आंधळ्याला रस्ता ओलांडून द्यायचा आणि त्याच्यापुढे हॅट काढायचा (आंधळ्यापुढे! म्हणजे हॅट कोणासाठी काढली ते समजा). एका नोव्हेंबरच्या रात्री, एक वाजून गेलेला, पूल ओलांडताना काळ्या कपड्यातली एक तरुण बाई कठड्याला वाकून उभी दिसते. तो पुढं जातो. मागं पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज येतो, मग किंकाळी, प्रवाहाबरोबर लांब जाणारी. तो थांबतो, वळत नाही, कोणाला सांगत नाही, पुढचे काही दिवस पेपर वाचत नाही. दोनतीन वर्षांनी दुसऱ्या एका पुलावर त्याला आपल्या पाठीमागं कोणीतरी हसल्याचं ऐकू येतं, मागं बघतो तर कोणी नाही, तिथनं त्याच्या चांगुलपणाचा सगळा देखावा सुटत जातो.

अर्गोस आठवलं का? किंकाळी ऐकली आणि काही केलं नाही, तोच अपराध. फरक पुढे आहे. अर्गोसच्या लोकांना कोणीतरी वरून अपराधी बनवून ठेवलं होतं, क्लॅमान्सनं त्याचा धंदाच काढला. तो स्वतःला पश्चात्तापी न्यायाधीश म्हणवतो. पद्धत साधी आहे, आधी स्वतःची सगळी पापं इतक्या तपशिलात, इतक्या रंगवून सांगायची की ऐकणाऱ्याला त्यात आपला चेहरा दिसायला लागावा, 'मी' म्हणता म्हणता हळूच 'आपण' म्हणायला लागायचं, आणि एकदा समोरचा कबूल झाला की आपण न्यायाधीशाच्या खुर्चीत. त्याच्या कपाटात एक चित्र दडवलेलं आहे, व्हॅन आइक बंधूंनी बेल्जियममधल्या गेंटच्या चर्चसाठी केलेल्या वेदीवरच्या चित्रांतला 'न्यायी न्यायाधीश' हा तुकडा, जो खरोखरच १९३४ मध्ये चर्चमधनं चोरीला गेला आणि अजून सापडलेला नाही. काम्यूनं तो खुशाल या माणसाच्या कपाटात ठेवून दिलाय! खरे न्यायी न्यायाधीश कपाटात बंद, बाहेर हा बसलाय निवाडे देत.

आणि शेवट बघा. त्या बाईला तो मनातल्या मनात म्हणतो की पुन्हा एकदा उडी मार म्हणजे मला आपल्या दोघांना वाचवायची संधी मिळेल, आणि लगेच म्हणतो, बापरे, कोणी खरंच ऐकलं तर? पाणी किती गार आहे! पण काळजी नको, आता फार उशीर झालाय, कायमच उशीर झालेला असेल, नशीब! हे 'नशीब' म्हणजे सगळी कादंबरी आहे. वर्षानुवर्षं कबुली देणारा माणूस, आणि ती बाई परत उडी मारत असेल तरी तो आजही पाण्यात उतरणार नाही. त्याला स्वातंत्र्याची एवढी भीती वाटते की तो उघड सांगतो, मालक हवा, देव आउट ऑफ फॅशन झालाय तर दुसरा कोणी बघा.

आता तुम्हीच बघा, आजकाल कुठल्याही मोठ्या घटनेनंतर 'आपण सगळेच याला जबाबदार आहोत' अशा पोस्टी येतात ना, त्या वाचताना मला क्लॅमान्स आठवतो. सगळेच जबाबदार म्हणजे कोणालाच काही विचारायला नको.

बरेच अभ्यासक म्हणतात की क्लॅमान्स म्हणजे सार्त्र आणि त्याच्या गोटातल्या लोकांवर काम्यूनं उडवलेली टर आहे, स्वतःला बूर्झ्वा, म्हणजे सुखवस्तू मध्यमवर्गीय, म्हणून शिव्या घालायच्या आणि तेवढ्यावर इतरांचा न्याय करायचा हक्क मिळवायचा. असेल. पण तो तेवढाच काम्यूही आहे, चांगुलपणाचा जगभर दबदबा होता त्याचा, पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं. नुसत्या दुसऱ्यावरच्या रागातून इतकं चावणारं पुस्तक येत नाही.

'द स्ट्रेंजर' (१९४२) बद्दल फार लिहीत नाही, ते तुम्ही वाचलेलं असणारच. एवढंच सांगते की तिथं खटला उलटा आहे. नायक मर्सोनं माणूस मारलाय, एक गोळी, मग थांबून आणखी चार, आणि कोर्टात चर्चा काय तर आईच्या मयताला रडला नाही, शवपेटीजवळ बसून दुधाची कॉफी प्यायला, सिगरेट ओढली. म्हणजे अपराध झालाय पण शिक्षा वेगळ्याच गोष्टीची होतेय, अपराधी भावना दाखवली नाही याची. थोडं रडून दाखवलं असतं तर बहुतेक वाचला असता. इथपर्यंत सगळे मर्सोच्या बाजूनं असतात. मग मी विचारते की ज्याला मारलं त्याचं नाव काय? पुस्तकात नाहीये. नुसता 'अरब'. वकील, मॅजिस्ट्रेट, पाद्री, कोणालाच ते विचारावंसं वाटत नाही, मर्सोलाही नाही. अल्जेरियातल्या कामेल दाऊदनं २०१३ मध्ये त्या मेलेल्या माणसाच्या भावाच्या तोंडून कादंबरी लिहिली, त्याला मुसा असं नाव दिलं. ती वाचल्यावर मर्सोला शेवटी कोठडीत ताऱ्यांकडे बघताना जाणवलेलं ते स्वातंत्र्य मला पूर्वीसारखं वाचता येत नाही. तुम्हाला येतं का बघा.

काफ्काचं 'द ट्रायल' या रांगेत नीट बसत नाही आणि म्हणूनच वाचावं. तो सार्त्रच्या कितीतरी आधीचा, पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९२५ मध्ये आलं. नायक योझेफ के.ला तिसाव्या वाढदिवसाला सकाळी अटक होते पण बँकेत कामाला जायला मोकळीक आहे. लोक म्हणतात व्यवस्थेचा बळी, ठीक आहे. पण पहिल्या सुनावणीची वेळ त्याला कोणी सांगितलेलीच नसते, तो स्वतःच ठरवतो की नऊ वाजता जायचं, उशिरा पोचतो, आणि मॅजिस्ट्रेट म्हणतो की तुम्ही एक तास पाच मिनिटांपूर्वी यायला हवं होतं. वेळ यानं स्वतःच ठरवली होती आणि उशीरही नेमका तिलाच झाला! कोर्ट बाहेर किती आणि याच्या आत किती हे काफ्का शेवटपर्यंत सांगत नाही. सार्त्र असता तर सांगून टाकलं असतं.

मराठीत हे कुठं सापडतं असं तुम्ही विचारलं नाहीये पण पुढं विचाराल म्हणून सांगते. नेमाड्यांच्या 'कोसला'ला (१९६३) सगळे अस्तित्ववादी शिक्का मारतात, मला तो अर्धाच पटतो. त्यातल्या नायकाला, पांडुरंग सांगवीकरला, वडिलांचा, घराचा, गावाचा जो पाश आहे तो पॅरिसच्या कॅफेतल्या माणसाला नाही, तो एकटा पडतो पण शेवटी परत गावातच येऊन बसतो, आणि बहिणीच्या मृत्यूनंतर त्याचा जो संताप आहे तो 'मी काय निवडलं' असा नाहीच, तो 'हे झालंच कसं' असा आहे. या प्रश्नासाठी तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) जास्त उपयोगी. बेणारेबाईंवर खोटा खटला खेळ म्हणून सुरू होतो आणि बघता बघता काशीकर, सुखात्मे, पोंक्षे अशी सगळी मंडळी खऱ्यासारखी न्यायाला बसतात. ती जमात अर्गोसचीच आहे, स्वतःच्या आयुष्यातलं अपयश बघायचं नाही म्हणून दुसऱ्याचं पाप काढायचं. आणि बेणारेबाईंच्या पोटातल्या मुलाची ज्यांची खरी जबाबदारी, ते प्रोफेसर दामले, नाटकात स्टेजवर येतच नाहीत. बेणारेबाईंना मात्र मी ओरेस्टिसच्या खुर्चीत बसवणार नाही, तिच्यापुढे दार उघडं नव्हतं, आणि सार्त्रचं सगळं तत्त्वज्ञान दार उघडं असतं तिथंच नीट चालतं अशी माझी त्याच्याबद्दलची एक जुनी तक्रार आहे.

वाचायचा क्रम. 'नो एक्झिट'नं सुरू करा, तासा-दीड तासात होतं. मग 'द फ्लाइज', पण आधी पेतँ आणि त्याचं जर्मनांशी जुळवून घेणारं विची सरकार याबद्दल निदान दोन पानं कुठंतरी वाचून घ्या. मग 'द स्ट्रेंजर' परत एकदा, आणि लगेच दाऊद. 'द फॉल' शेवटी ठेवा आणि शक्यतो एका बैठकीत, जमलं तर मोठ्यानं वाचा, कारण ते बोलणं आहे आणि समोरचा माणूस कधी बोलतो, कधी हसतो, कधी उठायला बघतो हे क्लॅमान्सच्या वाक्यांतूनच पकडावं लागतं. इंग्रजीत वाचणार असाल तर 'द स्ट्रेंजर' मॅथ्यू वॉर्डचं घ्या, स्टुअर्ट गिल्बर्टच्या जुन्या अनुवादात मर्सोची तुटक वाक्यं जरा गुळगुळीत झालीयत. सार्त्रचा 'बीइंग अँड नथिंगनेस' हा जाडजूड तत्त्वज्ञानाचा ग्रंथ सध्या बाजूला ठेवा, नाटकं वाचून झाल्यावरही उघडला नाहीत तरी परीक्षेला काही बिघडत नाही. आणि प्रत्येक पुस्तकात किंकाळी कोणी ऐकली आणि नंतर तो काय बोलला, एवढ्या दोन जागांवर पेन्सिलीनं खुणा करत जा, तुमच्या पेपरचे मुद्दे त्यातनंच निघतील.